काळ्या मुळीची मोजणी

दुकानात दोन तराजू होते. एक पितळेचा, काउंटरच्या उजव्या अंगाला टांगलेला. बडीशेप, ज्येष्ठमध, वाळका पाला, झाडांच्या साली असला गरीब माल त्याच्यावर तोलला जाई, आणि तोलताना सून उभी असली की गिऱ्हाईक मान वाकडी करून काट्याकडे बघत राही. दुसरा तराजू तिच्या सासऱ्यांच्या तोंडात होता. त्याच्यावर फक्त काळी मुळी तोलली जाई. त्या तराजूचा काटा दाखवा, असं मात्र चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

पुस्तकात या मुळीला हेलेबोर म्हणतात. दुकानात तिला तेवढा मान नव्हता. बोटभर लांबीचे, कोळशासारखे काळे, केसाळ तुकडे बरणीत पडलेले असत आणि बरणी वरच्या फळीवर, सुनेच्या हाताला येणार नाही अशी. दाराशी दोन कुंड्यांत तीच झाडं होती. कडाक्याच्या थंडीत, बाकी सगळं करपलेलं असताना, त्यांना हिरवट पांढरी फुलं यायची, खाली मान घातलेली, नव्या नवरीसारखी. येणारा-जाणारा म्हणे, "काय गरीब फूल आहे हो!" शेळ्या मात्र दोन हात लांबून जात. शेळ्यांना फुलाचं कौतुक कमी आणि अक्कल जास्त.

मुळीचे उपयोग पुष्कळ. गुरू आजारी पडलं तर त्याच्या कानाला भोक पाडून तिची काडी ओवायची. कान सुजून पू वाहतो, आणि पुवाबरोबर आजार वाहून जातो अशी समजूत. उवांना तिचं पाणी. पोटातल्या जंतांना कणभर, सांधे धरलेल्याला त्याहून थोडी जास्त. आणि डोकं फिरलेल्याला, मन बसलेल्याला चिमूटभर. ती पोटात गेली की माणूस ओकतो, आतडी पिळवटून निघतात, आणि ओकून रिकामा झालेला माणूस म्हणे नव्याने जगाकडे बघतो. चिमूट बरोबर असेल तर. चिमूट चुकली तर आधी जीभ जळते, मग कानात घंटा वाजतात, मग काळजाचे ठोके एकेक करून गळायला लागतात.

म्हणून तर जीभ हवी. मुळी नवी असते, जुनी असते, ओल्या जमिनीतली असते, खडकातली असते. प्रत्येकीचा जोर वेगळा. सासऱ्यांची पद्धत त्यांच्या वडिलांची. नखाएवढी कपची काढायची, जिभेच्या टोकावर ठेवायची, आणि काउंटरवर बोट आपटत मोजायचं. पंधराच्या आत जीभ पोळली तर मुळी ताजी, एक चिमूट. तिशीच्या आत पोळली तर मुळी उतरलेली, दोन चिमटी. त्याच्या पुढे गेली तर मेलेली, तीन. मग कपची पत्र्याच्या डब्यात थुंकायची. मोजणी चालू असताना दुकानात कुणी खाकरतसुद्धा नसे. गल्लीतली टवाळ माणसं सासऱ्यांना पाठीमागे "तराजू" म्हणत, आणि गंमत म्हणजे त्यांच्या कानावर ते आलेलं होतं आणि त्यांना ते आवडायचं.

सून अकरा वर्षं त्या दुकानात कुटत, चाळत, पुड्या बांधत आली होती. नवरा बसच्या डेपोत. त्याला ना मुळीची गोडी ना बापाच्या जिभेची, तेव्हा वारसा सुनेकडे आला होता, म्हणजे कष्टाचा भाग आला होता. बरणी वरच्या फळीवरच होती. पण डोळे वरच्या फळीवर ठेवता येत नाहीत. तिला सवय होती, घरातल्या प्रत्येकाची मनातल्या मनात नोंद ठेवायची: कोण कशाला हसलं, कोण ताटातलं काय बाजूला सारतं, कोणाचा राग किती दिवस पुरतो. सासऱ्यांचा राग अकरा दिवस पुरे. एकदा तिने गिऱ्हाइकासमोर "बाबा, हा ओवा नाही, दुसरं काहीतरी आहे" एवढंच म्हटलं होतं, त्याचे अकरा दिवस. ओवा नव्हताच, ही गोष्ट वेगळी.

एका संध्याकाळी तिच्या हातून रश्श्यात मीठ दोनदा पडलं. नवऱ्याने पहिलाच घास घेतला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"समुद्र आणलास का गं घरी?"

सासऱ्यांनी वाटी तोंडाला लावून संपवली. पुसून काढल्यासारखी. वर म्हणाले, "याची तक्रारच असते नेहमी. चांगला झालाय. मला तर थोडा अळणीच वाटला."

नवरा हसला. तिनेही हसल्यासारखं केलं. पण नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला शिंपी आला. समोरच्या गल्लीतला, खाली दुकान वर खोली. गळ्यात टेप, कॉलरला तीन टाचण्या, आणि डोळे असे की टाचण्यांपेक्षा तेच टोचतील. त्याच्या बायकोला तीन महिन्यांपूर्वी मूल झालं होतं, मेलेलं. तेव्हापासून ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसे. बोलत नसे, रडत नसे. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. त्या ती गालात धरून ठेवी आणि मागाहून उशीखाली सरकवी.

"काका, आता तुम्हीच," शिंपी म्हणाला. "मी दिवसभर परक्या माणसांची मापं घेतो, आणि घरातल्या माणसाचा थांग लागत नाही."

"बस," सासरे म्हणाले. "मन बसलं की ते पोटात बसतं. तिथून उपटायचं असतं."

त्यांनी बरणी काढली. बोटांनी चाचपून वरचाच एक तुकडा घेतला. सुनेने ओळखला तो. तीन आठवड्यांपूर्वी मुळीवालीने आणलेला माल, तिनेच धुतला होता, तिनेच माळ्यावर वाळवला होता. धुताना हातमोजा फाटका निघाला आणि तिचं बोट दोन दिवस आग ओकत होतं. सासऱ्यांनी कपची जिभेवर ठेवली. बोट आपटायला लागलं.

दहा. पंधरा. शिंपी श्वास धरून बसला होता. वीस. सुनेच्या डोळ्यांसमोर पुसून काढलेली वाटी आली. पंचवीस. तिला वाटलं, आता थांबतील. तीस. पस्तीस. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"एकेचाळीस," ते म्हणाले आणि थुंकले. "मेलेली मुळी. ही बाई मला मागच्या वर्षीचा माल नवा म्हणून देते. असू दे. तीन चिमटी लागतील."

सुनेने तोंड उघडलं. समोर शिंपी होता, गिऱ्हाईक. अकरा दिवस. तिने स्वतःला सांगितलं, तो गेला की बोलू, औषध दुपारचं आहे, वेळ आहे. आणि तोंड मिटलं.

तीन चिमटी पुडीत गेल्या. "बाराच्या भोंग्याला," सासरे शिंप्याला सांगत होते, "रिकाम्या पोटी, मध घातलेल्या कोमट पाण्यात. ओकेल. ओकू दे. घाबरायचं नाही."

शिंपी गेला. सुनेने बडीशेपेची गोणी विनाकारण सरळ केली.

"बाबा, तो तुकडा नवाच होता. मीच धुतलाय."

"मग बाई तुलाही फसवते."

"माझं बोट सुजलं होतं."

"तुझं बोट." ते इतक्या मायेने हसले की तिला शिवी परवडली असती. "सूनबाई, बोटाने भाकरी भाजतात. मुळी जिभेने कळते."

साडेअकराला मुळीवाली आली. बाई साठीची, पाठीवर पोतं, हाताच्या भेगांत माती अशी बसलेली की धुऊनही निघू नये. खणण्याआधी ती झाडाभोवती सुरीने रिंगण ओढते, लसूण चावून खाते, वाऱ्याकडे पाठ करते आणि काम संपेपर्यंत डोळ्याला हात लावत नाही. एवढं सगळं करून आणलेल्या मालाला सासऱ्यांनी दारातच नावं ठेवली.

"मेलेला माल आणतेस. एकेचाळीस मोजले मी आज."

मुळीवालीने पोतं खाली टाकलं.

"किती?"

"एकेचाळीस."

"वैद्यबुवा, गारा मानेत शिरत होत्या त्या दिवशी. गुडघाभर चिखलात बसून काढलीय मी ती. मेलेल्या मुळीसाठी मी जीव धोक्यात घातला असता का? काढा तो तुकडा."

"तू मला शिकवणार?"

"मी शिकवत नाही. मी चाखते."

तिने काउंटरवरचा तुकडा स्वतःच उचलला, सुरीने कपची काढली आणि जिभेवर ठेवली. मोजायला बोट लागलं नाही तिला, मोठ्याने मोजलं. बाराला थुंकली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पाण्यामागे राग.

"बारा! ऐकलंत? बारा! आणखी दोन मोजले असते तर टाळू सोलून निघाली असती."

"तुझ्या जिभेचं काय सांगतेस? लसूण खाऊन खाऊन तिची..."

"मग तिला चाखू द्या." मुळीवालीने सुनेकडे हनुवटी उडवली. "ती काही लसूण खाऊन आलेली नाही."

अकरा वर्षांत पहिल्यांदा कपची सुनेच्या जिभेवर आली. पहिल्यांदा लाकडासारखी चव, मग कडू, मग कुणीतरी जिभेला पेटती काडी लावावी तसं. अकराला तिने थुंकलं.

मुळीवालीची नजर सासऱ्यांवरून सुनेवर, सुनेवरून पुन्हा सासऱ्यांवर गेली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

"वैद्यबुवा," ती हळू म्हणाली, "आज ही कुणाला दिलीत?"

सून तोवर दाराबाहेर पडली होती.

ती धावली. रस्ता पाच मिनिटांचा, पण बाजाराचा दिवस. हातगाड्या, पिंपं, कडेला उभी केलेली खोकी. धावता धावता तिच्या डोक्यात आकडे यायला लागले, न बोलावता. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस सासऱ्यांनी "अलीकडे माल उतरतोय" असं पहिल्यांदा म्हटलं होतं. मग दूधवाल्याचे वडील, सांधे धरलेले, दोन चिमटी, चौथ्या दिवशी झोपेत गेले, वय झालं होतं. मग मास्तरांची आई, पोटात गोळा, दोन चिमटी, तिसऱ्या दिवशी. तिचंही वय झालं होतं. म्हातारी माणसं मरतात यात नोंद करण्यासारखं काय असतं? बाराचा भोंगा वाजला तेव्हा ती शिंप्याच्या जिन्याखाली होती.

वर शिंपी रिकामा पेला हातात धरून उभा होता आणि त्याचा चेहरा उजळलेला होता.

"वहिनी, घेतलं तिने! भोंग्याची वाट नाही पाहिली मी, ती तोंड फिरवायच्या आत द्यावं म्हटलं. तर तिने स्वतः हात पुढे केला. एका दमात प्यायली. तीन महिन्यांत पहिल्यांदा काही न सांगता घेतलं."

बायको खाटेवर बसली होती, भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून. सुनेने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला कळलं की हिला पेल्यात काय आहे ते ठाऊक नव्हतं, पण त्यात मरण असावं अशी तिची इच्छा होती.

"पुडी कुठे आहे? कागद?"

"चुलीत टाकला. का?"

"गाडी बोलवा. आत्ता. काही विचारू नका, गाडी बोलवा."

इस्पितळात पोचेपर्यंत शिंप्याची बायको सहा वेळा ओकली, शेवटी नुसता फेस. ओठ सुजले होते. मनगट धरलेल्या सुनेला ठोके लागत होते आणि मध्येच लागत नव्हते. दोन ठोक्यांमध्ये शिंप्याने एक वाक्य पुरं करावं एवढी जागा. शिंपी एकच वाक्य म्हणत होता. "काका म्हणाले ओकेल. काका म्हणाले होते ओकेल."

सासरे मागून रिक्षाने आले. त्यांच्याबरोबर दूधवाला आला, पाववाला आला, आणखी चार जण आले. गल्लीत कुणी आजारी पडलं की त्याच्या मागे जाणारे लगेच हजर असतात. डॉक्टर बाई बाहेर आल्या. तरुण, डोळ्यांखाली काळं, चेहऱ्यावर कुणाचंही कौतुक नाही.

"कोणी दिलं?"

"मी," सासरे म्हणाले. ताठ उभे होते.

"काय ते कळलं. किती दिलं ते सांगा. हृदयाचं औषध त्यावर ठरणार आहे. कमी दिलं तर उपयोग नाही, जास्त दिलं तर मीच मारीन तिला. किती?"

सासऱ्यांनी एकदा मागे उभ्या असलेल्या गल्लीकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी त्या चेहऱ्यांकडे असंच पाहिलं होतं, मोजणी संपल्यावर.

"एक चिमूट," ते म्हणाले. "जुनी मुळी."

सुनेला एक क्षण वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. मग तिला वाटलं की सकाळी मिटलेलं तोंड मिटलेलंच ठेवणं किती सोपं असतं.

"तीन," ती म्हणाली. "तीन चिमटी, डॉक्टर. आणि मुळी ताजी होती. फार ताजी. आज तिने माझी जीभ अकरा मोजेपर्यंत पोळली."

"सूनबाई!"

"तीन."

डॉक्टर बाईंनी सासऱ्यांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आत गेल्या. दार झुलत राहिलं. दूधवाला घसा साफ करत म्हणाला, "घरातली भांडणं घरात असावीत, नाही का?" आणि दोघातिघांनी मान डोलावली.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "चारचौघांत बाबांना खोटं पाडलंस."

"ते खोटं बोलत होते."

"म्हणून काय पाडायचं?"

याचं उत्तर ज्याच्याकडे आहे असा माणूस तिला त्या घरात तरी भेटला नव्हता. सासरे बोलेनासे झाले. तिने दिवस मोजायला सुरुवात केली.

शिंप्याची बायको दोन रात्री यंत्रावर होती. डॉक्टर बाईंनी शिंप्याला सांगितलं की अर्धा तास उशीर झाला असता, किंवा त्या बाईने खरा आकडा सांगितला नसता, तर तुम्ही कापड घ्यायला गेला असतात, पांढरं. तिसऱ्या दिवशी औषध हाताला टोचलेल्या सुईतून जात होतं, तेव्हा तिला गोळ्या उशीखाली सरकवता आल्या नाहीत. आणि पाचव्या दिवशी सकाळी ती नर्सला म्हणाली, "खिडकी लावा. गार वारा येतोय."

एवढंच. पण गल्लीला एवढं पुरतं.

दुपारपर्यंत "खिडकी लावा" हे पाववाल्याकडून दूधवाल्याकडे, दूधवाल्याकडून नळावर, नळावरून तीन गल्ल्या पलीकडे गेलं. यंत्र वाटेत गळालं, सुई गळाली, अर्धा तास गळाला. उरलं ते असं: तीन महिने मुकी असलेली बाई तराजूच्या मुळीने बोलायला लागली. डॉक्टरांना जमलं नाही ते तीन चिमट्यांनी जमलं. आणि सून? सुनेने इस्पितळात देवमाणसाला चोर ठरवलं. नळावर एकीने तिच्या बादलीकडे बघत म्हटलं, "काही बायकांना सासऱ्याचं नाव बघवत नाही हो." दुसरी म्हणाली, "बरणी हवी असेल." आणि दोघी हसल्या. बादली भरेपर्यंत सून तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या सकाळी दुकान उघडलं तेव्हा बाहेर नऊ माणसं उभी होती. एक मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची, रात्री झोपेत चालते म्हणून बापाने हाताला धरून आणलेली. एक बाई होती जिची सासू शिव्या देई. पाववाला होता, त्याला तसं काही झालं नव्हतं, पण आतून साफ झालेलं बरं. आणि मास्तर होते, गुडघा धरून. काही महिन्यांपूर्वी आईला ज्या काउंटरवरून पुडी नेली त्याच काउंटरला टेकून उभे, चेहऱ्यावर कृतज्ञता.

सासरे अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. सहा दिवसांचं मौन त्यांनी सुनेपुरतं ठेवून बाकी सगळ्यांसाठी सोडलं होतं. त्यांनी बरणी काढली. तुकडा निवडला. मुलीच्या बापाला म्हणाले, "बसा. आधी मोजू."

सून काउंटरच्या आतल्या बाजूने पुढे आली. तिने पदर कमरेला खोचला.

"बाबा, सगळे म्हणतात की मी तुम्हाला खोटं पाडलं. मग आज सगळ्यांसमोर मला खोटी पाडा."

ते बोलले नाहीत, पण बघितलं.

"एकच मुळी, एकाच जागेवरच्या कपच्या. तुम्ही मोजा, मी मोजते. मी हरले तर उद्यापासून दुकानात पाय ठेवणार नाही."

रांगेत कुजबूज झाली. पाववाला पुढे सरसावला. "मलाही द्या हो एक. पुरुषाची जीभ हवी ना पंचाला!" लोक हसले. सासरेही हसले. जिंकलेल्या माणसाला खेळ नाकारता येत नाही. त्यांनी तीन कपच्या काढल्या, सारख्या, सुरेख. हात अजून पक्का होता.

तिघांनी एकदम ठेवल्या. सासऱ्यांचं बोट आपटायला लागलं.

सुनेने अकराला थुंकलं. पाववाल्याने तेराला, आणि थुंकताना जे बोलला ते मुलीच्या बापाने मुलीच्या कानांवर हात ठेवण्यासारखं होतं. तो पाण्याच्या माठाकडे धावला, लोक खिदळले. सासरे मोजत होते.

वीस. अजून हसू होतं. तीस. पाववाला तोंड धरून परत आला, त्याची जीभ बाहेर लोंबत होती, लाल, आणि त्याला पाहून पुन्हा हसू आलं पण या वेळी थोडक्यात संपलं. चाळीस. बोट सारख्या लयीत पडत होतं. पन्नासला सासऱ्यांचा खालचा ओठ सुजायला लागल्याचं सगळ्यांना दिसलं. त्यांना सोडून सगळ्यांना. साठला ओठाच्या कडेला पाण्याचा फोड आला आणि वाढला. सासऱ्यांचे डोळे शांत होते, वाट पाहणाऱ्या माणसाचे. दुकानात कुणी खाकरलं नाही. ती जुनी शांतता होती, पण तिच्यात आता काहीतरी कुजल्यासारखं होतं.

"बाबा, थुंका."

एकसष्ट. बासष्ट.

"बाबा, पुरे."

सत्तरला फोड फुटला आणि हनुवटीवरून पाणी ओघळलं. सुनेने हात पुढे केला. अकरा वर्षांत तिने सासऱ्यांच्या चेहऱ्याला बोट लावलं नव्हतं. तिने त्यांची हनुवटी धरली, तोंड उघडलं, आणि कपची बोटाने काढून डब्यात टाकली. बोट लागलीच आग ओकायला लागलं. सासऱ्यांनी हनुवटी पुसली, हाताकडे बघितलं. ओल्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले.

मग मास्तर बोलले. गुडघ्यावरचा हात त्यांनी काढला होता.

"माझ्या आईच्या वेळी किती आले होते?"

"एकोणतीस," सासरे म्हणाले. लगेच, मान वर करून. त्यांची जीभ मेली होती, स्मरणशक्ती नव्हे. चाळीस वर्षांत ते एकही मोजणी विसरले नव्हते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शब्द बाहेर पडला आणि मग त्याचा अर्थ त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. कुणी पुढे काही विचारलं नव्हतं, पण ते सांगत राहिले, सुजलेल्या ओठांनी, अडखळत. "दूधवाल्याचे वडील. बावीस. दोन चिमटी. शिंप्याची... एकेचाळीस."

मुलीच्या बापाने मुलीचा हात धरला आणि तो निघाला. त्याच्या मागे एकेक जण. कुणी घाई केली नाही. मास्तर तेवढे राहिले, मग तेही पायरी उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, कुठे जायचं ते विसरल्यासारखे.

सुनेने शटर ओढलं. आत अंधार झाला. बडीशेपेचा वास आणि त्याखाली मुळीचा, मातकट. ओल्या फडक्याने तिने सासऱ्यांचा ओठ पुसला. त्यांना दुखलं नाही.

"सूनबाई." सहा दिवसांनी पहिला शब्द. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मुळीवाली आली तेव्हा, असं म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

"आदल्या रात्री," ती म्हणाली. "रश्श्यात मीठ दोनदा पडलं होतं. तुम्ही वाटी पुसून खाल्लीत."

त्यांचं बोट काउंटरवर होतं, पण आपटत नव्हतं.

"म्हणजे शिंपी आला तेव्हा तुला ठाऊक होतं."

ती फडकं पिळत राहिली. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

बाहेरून शटरवर कुणीतरी थाप मारली. एकदा. मग आणखी एका हाताची. मग दूधवाल्याचा आवाज आला, कुणाचं नाव न घेता: "उघडा."